साक्षीनळी

“आज मानवाच्या इतिहासाचे दोन तुकडे पडले आहेत,” प्रमुख पाहुणे म्हणाले. “जंतू कुणाच्या हातून आला हे माणसाला कळत नव्हतं तो अंधाराचा तुकडा, आणि आजपासून सुरू होणारा उजेडाचा. यापुढे एकही जंतू बेनामी राहणार नाही.”

गडहिंग्लजमधल्या एका रुग्णालयाच्या सभागृहात टाळ्या वाजल्या. साक्षीनळीचे तालुक्यातले पहिले लाभार्थी म्हणून व्यासपीठावर जयवंतराव नेसरीकरांना बसवलं होतं. पाहुण्यांनी त्यांचा सदरा वर करून पोटावरच्या नळीशेजारी छायाचित्रासाठी प्रेमानं हात ठेवला. एका कोनातून नीट आलं नाही म्हणून पुन्हा ठेवला. तिसऱ्या दिवशी जयवंतरावांच्या पोटातल्या नळीनं आपला पहिला निकाल दिला. जंतू प्रमुख पाहुण्यांचा होता. उजवा हात, तर्जनी आणि मधलं बोट.

ओळख पटली, कारण समारंभाचा भाग म्हणून व्यासपीठावरच्या सगळ्यांची हस्तनोंदणी झाली होती. नियमाप्रमाणे पाहुण्यांना पत्र गेलं. आपल्या हातून एका रुग्णास संसर्ग झाला असून आपण हात धुण्याच्या पुनर्प्रशिक्षणास उपस्थित राहावे, येताना संबंधित हात सोबत आणणे बंधनकारक आहे. पाहुणे आले नाहीत. त्यांचे जंतू नळीनं सहा तासांत मारून टाकले होते, त्यामुळे कुणी फार मनाला लावून घेतलं नाही. जयवंतरावांनी तर ते पत्र पाठ केलं आणि पुढचे सहा महिने भेटेल त्याला म्हणून दाखवलं.

जयवंतराव भूमापन खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. वय त्र्याहत्तर. मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वीच थकलेली. यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यावं, तर त्यांच्या हृदयाला ते पेलत नव्हतं. दोनदा यंत्रावरच रक्तदाब इतका उतरला की डॉक्टरांनी तो मार्ग कायमचा बंद केला. मग उरलं पोटाचं डायलिसिस. पोटाच्या आत एक पातळ अस्तर असतं, ते चाळणीचं काम करतं. बेंबीशेजारून आत गेलेल्या नळीतून दोन लिटर पाणी सोडायचं, चार तास ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की ते काढून नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, घरच्या घरी. यात धोका एकच. नळी म्हणजे बाहेरून आत जाणारा रस्ता, आणि रस्ता म्हटला की त्यावरून कुणीही येतं.

आत आलेला सुटा जंतू औषधानं मरतो. पण नळीला चिकटून त्यांनी थर धरला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला असतो तसला बुळबुळीत थर, की मग औषध वरून वाहून जातं आणि आतले सुखानं नांदतात. असा थर धरण्याची जंतूंना घाई नसते. प्रत्येक जण एक रासायनिक खूण सोडत राहतो. खुणा पुरेशा दाट झाल्या की संख्या भरली असं समजून सगळे एकदम कामाला लागतात. गणपूर्ती झाल्याशिवाय कामकाज सुरू न करणारी सभा आपण आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय, असं जयवंतराव म्हणायचे.

साक्षीनळी या सभेला कान लावून बसायची. तिच्या आतल्या लेपाला त्या खुणा गणपूर्तीच्या आधीच कळायच्या. लेपात साठवलेलं औषध लगेच सुटायचं आणि चारदोन जंतू धरून ठेवले जायचे. पट्ट्याला अडकवलेली काडेपेटीएवढी डबी त्यांची जनुकं वाचायची. दर घरच्या विरजणाची चव जशी वेगळी, तसे दर माणसाच्या हातावरचे जंतू वेगळे. नोंदवलेल्या हातांशी ते ताडून पाहिले की नाव निघालं.

हेतू चांगलाच होता. प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर छापलेलं असायचं, ‘दोष देण्यासाठी नव्हे, सुधारण्यासाठी’. दोन वर्षांत तालुक्यातले नळ्यांचे संसर्ग पावपट झाले. डायलिसिसवाले, लघवीच्या नळीवाले, हृदयाशी तारा बसवलेले, सगळे पूर्वीपेक्षा जास्त जगायला लागले. फक्त एक गोष्ट कुणी हिशोबात धरली नव्हती. जंतू मेला की विसरला जायचा, हात मात्र लक्षात राहायचा. कुठं धाकट्या जावेच्या हाताचं पाणी कुणी घेईना. कुठं तीस वर्षांचा न्हावी दारातूनच परत गेला. एका म्हातारीच्या अहवालात दोन मुलांपैकी थोरल्याचं नाव आलं, तर थोरला खचला आणि धाकट्याला ताठा चढला; म्हातारी ठणठणीत होती, पण तिला दोघंही एका वेळी भेटेनासे झाले.

जयवंतरावांना याचं नवल वाटलं नाही. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. मोजणी करून दिली की भांडण मिटतं, या समजुतीवर अख्खं खातं चालतं. पण हद्द बोटभर इकडे की तिकडे हे नक्की ठाऊक नव्हतं तोवर एका बांधावर बसून भाकरी खाणारे भाऊ, दगड पुरल्यावर एकमेकांच्या मयतीलाही न गेलेले त्यांनी पाहिले होते. मोजणी बरोबर होती. त्यांची मोजणी कधी चुकली नाही, हेच तर दुखणं होतं.

जयवंतरावांच्या घरी नोंदवलेले हात सहा. दोन स्वतःचे, दोन बायकोचे, म्हणजे शैलजाबाईंचे, आणि दोन थोरल्या बहिणीचे, कुमुदताईंचे. मूलबाळ नव्हतं. शैलजाबाई नगरवाचनालयात ग्रंथपाल होत्या आणि ओल्या हातानं पुस्तक उचलणाऱ्याला त्यांनी बत्तीस वर्षं दारातून परत पाठवलं होतं. आता त्यांचं सगळं वाचनालय एका माणसाच्या पोटात सामावलं होतं. पाण्याची पिशवी बदलायची खोली वेगळी. तिथं पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मुखपट्टी. हात कोपरापर्यंत तीन मिनिटं धुवायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. बदलाच्या आधी, बदलाच्या नंतर, शिवाय मधेमधे मनाला वाटलं म्हणून. दिवसातून तीस-चाळीस वेळा सहज होई.

आणि सकाळची पहिली पिशवी बाहेर आली की त्या ती वर्तमानपत्रावर ठेवायच्या. पोटातून निघालेलं पाणी नितळ असेल तर पिशवीतून बातमी वाचता येते. वाचता आली नाही तर समजायचं, आत काहीतरी बिघडलं. चार वर्षं त्यांनी नवऱ्याच्या पोटातून जगाच्या बातम्या वाचल्या. जग बिघडलेलं असायचं, पिशवी मात्र स्वच्छ.

पाडव्याच्या दिवशी सकाळी शैलजाबाईंनी नवऱ्याला तेल लावायला घेतलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि एकही पाडवा चुकला नव्हता. गेले तीन पाडवे त्यांनी पोट वगळून तेल लावलं होतं, पाठ, हात, पाय. या वर्षी जयवंतराव पाटावर बसून म्हणाले की मधला प्रदेश दर वेळी मोजणीतून सुटतोय. एवढंच म्हणाले. शैलजाबाई हसल्या आणि नळीवरच्या पट्टीच्या चारी बाजूंनी, भरपूर अंतर राखून, त्यांनी पोटावरही कोमट तेलाचा हात फिरवला. उटणं लावलं. तेल कुणाच्या हद्दी मानत नाही. ते पट्टीखाली गेलं आणि एक कोपरा सुटला. शैलजाबाईंनी तो उजव्या अंगठ्यानं दाबून परत चिकटवला. एका क्षणाचं काम. मग ओवाळलं, करंजीचा तुकडा भरवला.

त्या अंगठ्याच्या नखाशी नखुरडं झालं होतं. फार दुखत नव्हतं, नुसतं लाल होतं. चार वर्षं दिवसातून चाळीस वेळा धुऊन धुऊन तिथली कातडी फुटली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला कुमुदताई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, चालणं काठीवर, जीभ काठीविना. शैलजाबाईंनी त्यांना मोरीपाशी उभं करून तीन मिनिटं हात धुवायला लावले आणि नखं तपासली. भावाला ओवाळायला आलेय की त्याचं ऑपरेशन करायला, असं कुमुदताईंनी विचारलं. मग ओवाळलं, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या घरी गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी शैलजाबाईंनी पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली आणि त्यांना काहीच वाचता आलं नाही. चष्मा पुसून पाहिलं. पिशवी सरकवून खालचा मथळा वाचला, परत पिशवी ठेवली. मथळा गेला.

रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हा जंतू नाही, यीस्ट आहे, बुरशीच्या जातीतलं. नळीचा लेप ज्या खुणा ऐकतो, त्या हे वापरत नाही. लेपात जे औषध आहे त्याला हे भीक घालत नाही. यावर उपाय एकच, नळी आजच्या आज काढायची. नवी बसवायची तर आधी पोट बरं व्हायला हवं, त्याला दोन-तीन महिने हवेत. तोवर यंत्रावर जायचं म्हटलं तर हृदय. डॉक्टर इथं थांबले. लघवी अजून थोडी होते आहे, हे त्यांनी बराच वेळ शोधून सापडलेल्या चांगल्या बातमीसारखं सांगितलं. दहा दिवस, फार तर तीन आठवडे.

जयवंतरावांनी मान डोलावली. मोजणीचा निकाल ऐकताना लोक कसे मान डोलावतात ते त्यांनी खूप वेळा पाहिलं होतं, ते आता उपयोगी पडलं.

नळी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी हस्तशोध तंत्रज्ञ नौशाद मुल्लाणी खाटेशी आला. चाळिशीचा, हळू बोलणारा. गेली दोन वर्षं तो घरोघरी जाऊन हात नोंदवायचा आणि अहवाल द्यायचा. अहवाल आधी एकट्या रुग्णाला, असा नियम होता. शैलजाबाई खाली औषधं आणायला गेल्या आहेत हे बघूनच तो आला होता. बुरशी मारता आली नसली तरी तिचं नाव-गाव काढायला नळीला काही अडचण आली नव्हती.

जयवंतरावांनी अहवाल वाचला. उजवा हात, अंगठा. जुळणी नव्व्याण्णव टक्के. माथ्यावर, दोष देण्यासाठी नव्हे, सुधारण्यासाठी.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग हे नाव बदलता येतं का, एवढं विचारलं. येत नाही, नौशाद म्हणाला. नाव न सांगण्याची विनंती करता येते, पण ती रुग्णापुरती. ज्याचा हात आहे त्याला चौदा दिवसांनी यंत्र आपोआप सूचना पाठवतं. पुनर्प्रशिक्षणाची. ते कुणाच्याच हातात नाही.

“आणि पेशंटच राहिला नाही तर?”

नौशाद खिडकीबाहेर बघत राहिला. “तर फाइल बंद होते, काका. प्रशिक्षण कशासाठी द्यायचं मग. सूचना जात नाही.”

“चौदा दिवस,” जयवंतराव म्हणाले. “बघू. जमेल बहुतेक.”

नौशादनं खुर्ची जवळ ओढली. त्याच्या अब्बांना लघवीची नळी होती, हे त्यानं सांगितलं. साक्षीनळी आली त्याच्या पहिल्या महिन्यात. हात त्याचाच निघाला. अब्बा वाचले, दोन वर्षं झाली, अजून आहेत. पण त्या दिवसापासून तो त्यांना दुरूनच सलाम करतो. त्यांनी दोनदा बोलावलं जवळ. त्याला जमलं नाही.

“मग ही नोकरी कशाला करतोस?”

“दहातले नऊ जगतात ना, काका.”

जयवंतरावांना एकदम कळलं की आपल्याला भीती कशाची वाटतेय. शैलाला वाईट वाटेल, ती रडेल, याची नव्हे. रडून होईल. ही बाई उद्यापासून आपल्याला हात लावायची नाही. उरलेले दिवस आपण दुरूनच बघितले जाऊ. मरायचं तर होतंच, पण ते एक्केचाळीस वर्षांच्या ओळखीच्या हाताखाली मरता आलं असतं, तेवढं जाईल.

ते घरी आले तेव्हा शैलजाबाईंचा निकाल आधीच लागला होता. भाऊबीज. नणंदेनं डोक्यावरून हात फिरवला तेव्हाच आपल्याला शंका आली होती, असं त्यांनी सांगितलं. काठी धरलेला हात. तीच काठी जगभर टेकवत येणार. कुमुदताई भावाला बघायला दारात आल्या, तर शैलजाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

“वन्सं, तुम्ही आता नका येऊ.”

कुमुदताईंनी काठी दोन्ही हातांत धरली. “धुतले होते गं,” त्या म्हणाल्या, “तूच घड्याळ लावलं होतंस.” मग जिन्यावरून त्या एकेक पायरी उतरायला लागल्या.

आतून जयवंतरावांनी जेवढा आवाज निघाला तेवढ्यानं हाक मारली. दोघी आल्या. अहवाल आलाय, त्यांनी सांगितलं, आणि हात माझाच आहे. पट्टीखाली खाज सुटली होती, बोट घातलं. उजवा अंगठा. आयुष्यात एवढं ठाम खोटं त्यांनी प्रथमच सांगितलं, पण अंगठा खरा असल्यामुळे ते सोपं गेलं.

शैलजाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. कागद बघू, असं त्या म्हणतील असं जयवंतरावांना वाटलं होतं. पण नवरा पट्टीखाली बोट घालू शकतो यावर त्यांचा एवढा विश्वास होता की कागदाची गरज पडली नाही.

मग त्यांनी जे सुरू केलं ते दहा-अकरा दिवस चाललं. चार वर्षं मी इथं हातांची सालं काढली आणि तुम्ही बोट घातलंत. लहान मुलाला कळतं. वाचनालयात पानाचा कोपरा दुमडणारी माणसं अशीच असायची, सांगूनही दुमडायची. सकाळी तोंड पुसताना बोलायच्या, पेज भरवताना बोलायच्या, कूस बदलून देताना बोलायच्या. नखं कापताना तर अंगठा हातात धरून त्याच्याशीच बोलल्या, हाच तो, मेला. बोलता बोलता आवाज फुटायचा, मग त्या चादर झटकायच्या. आणि प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचा हात लागत होता. कपाळाला, मानेखाली, सुजलेल्या पावलांना. जयवंतराव डोळे मिटून ऐकत राहायचे. बोलणी इतकी गोड लागतात हे त्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी जन्मभर पट्टीखाली बोटं घातली असती.

कुमुदताई रोज येऊन बसायला लागल्या. शैलजाबाईंनी त्यांची माफी मागितली नाही. चहा मात्र आल्याचा आणि दाट मिळू लागला. त्याही भावाला दोन शब्द सुनवायच्या. लहानपणी खपली काढायचास, तसाच राहिलास.

जयवंतराव मनात दिवस मोजत होते. नऊ. दहा. डॉक्टरांचा खालचा अंदाज उलटून गेला. अडचण अशी होती की शैलजाबाईंची शुश्रूषा फार चोख होती. पाणी चमच्यानं मोजून, मीठ वर्ज्य, औषध मिनिटावर. अकराव्या दिवशी त्यांना थोडी हुशारी वाटली, आणि घाबरायला झालं. बाराव्या दिवशी त्यांनी औषधाची गोळी गालात धरून ठेवली. शैलजाबाईंनी गाल दाबून ती गिळायला लावली. तेराव्या दिवशी डॉक्टर घरी येऊन नाडी बघून गेले आणि शैलजाबाईंना म्हणाले की तुमच्यासारखं करणारं माणूस असलं की असं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या जरा हसल्या. जयवंतराव भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना बायकोच्या हाताखाली जगायचं होतं, आणि त्यासाठी बायकोच्या हातांनी त्यांना जगवायला नको होतं. असली किचकट हद्द त्यांनी कधी मोजली नव्हती.

चौदाव्या दिवशी ते होते. पंधराव्या दिवशीही सकाळी डोळे उघडले आणि खिडकीत ऊन दिसलं. आयुष्यभर सगळीकडे उशिरा पोचल्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली होती. हा उशीर शेवटचा.

फोन स्वयंपाकघरात वाजला. एकदाच, निरोप आल्याचा. भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला.

जयवंतराव वाट बघत राहिले. बाई धावत येईल, ओरडेल, कागद मागेल. काही झालं नाही. बऱ्याच वेळानं नळ सुटला. पाणी पडत राहिलं. तीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे आज कुणी बघत नव्हतं. मग नळ बंद झाला.

त्या दिवशी त्या खोलीत आल्या त्या निळे हातमोजे घालून. पोटात आता नळी नव्हती. जखम भरली होती. त्या हातांना घाबरावं असं त्या देहात काहीच उरलं नव्हतं. त्यांनी चमच्यानं पाणी दिलं, चमचा लांबून धरून. चादर बदलायला शेजारच्या बाईंना बोलावलं. बोलणं थांबलं होतं. संध्याकाळी कुमुदताई आल्या, एकदा मोज्यांकडे आणि एकदा भावाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं आणि न विचारताच सगळं समजून, पदर तोंडाला लावून, त्या लवकर उठल्या. तीन दिवस असे गेले. त्या तीन दिवसांत जयवंतराव इतके झपाट्यानं खचले की डॉक्टरांनाही कारण सांगता येईना.

चौथ्या दिवशी दुपारी घरात दोघंच होती. शैलजाबाईंनी खुर्ची खाटेपासून तीन फूट लांब ठेवली आणि बसल्या. मोज्यांतले हात मांडीवर, तळवे वर, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि सांभाळायला दिले होते.

“माझा होता,” त्या म्हणाल्या. “अंगठा.”

जयवंतरावांनी मान हलवली. नाही म्हणायला आता जोर नव्हता.

“मला इतके दिवस बोलू दिलंत. वाटेल ते बोलले मी.”

“छान बोलत होतीस.”

“वन्संना दारातून घालवलं.” त्या थांबल्या. “नखुरडं होतं. मला माहीत होतं नखुरडं आहे. सणाचं म्हणून मी काही…” त्यांनी डोळे पुसायला हात वर नेला, मोजा बघितला आणि हात परत मांडीवर ठेवला. डोळे तसेच वाहत राहिले.

जयवंतरावांनी या क्षणासाठी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. तीन दिवस पडल्या पडल्या ते त्यांनी घासून पुसून नीट केलं होतं. मोजणी बरोबर असते, पण जमीन कुणी कसली, कुणी पाणी घातलं, ते मोजणीत येत नाही, असं काहीतरी ते होतं. त्यात एक्केचाळीस वर्षं होती, वर्तमानपत्रावरच्या पिशव्या होत्या, रोजचे चार बदल आणि चाळीस वेळचं हात धुणं होतं. क्षमा हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला होता, कारण क्षमा करायला आधी गुन्हा मान्य करावा लागतो. वाक्य चांगलं होतं. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं.

मूत्रपिंडं थांबली की रक्तातली घाण कातडीखाली साठते आणि अंगाला खाज सुटते. शेवटी शेवटी ती फार होते, औषधाला दाद देत नाही. शेजारच्या बाईंना सांगायची लाज वाटून त्यांनी ती तीन दिवस सोसली होती. वाक्याचा पहिला शब्द ओठांवर आला आणि पाठीत, डाव्या खवाट्याखाली, अशी कळ उठली की पुढचे सगळे शब्द पळाले.

“शैला,” ते म्हणाले, “पाठ खाजतेय गं.”

त्या उठल्या. दोन पावलं आल्या, थबकल्या, मग खाटेच्या कडेला बसल्या. सदऱ्याखाली हात घालून त्यांनी घाबरत घाबरत खाजवलं. रबर कातडीवरून सुळकन घसरलं. पुन्हा खाजवलं, पुन्हा घसरलं.

“खाली जरा. हां. तिथंच.” त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ वाट पाहिली. “अंगठा दुखत असेल तर तो राहू दे, चार बोटांनी भागेल. पण मोजा काढ ना, नखं लागत नाहीत.”